शुगर निघाली, आता रोजचं कसं निभवायचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. मधुमेहाच्या दवाखान्यात डॉक्टरांची तपासणी झाली की पेशंट माझ्या टेबलाशी येतात. काय खायचं, काय टाळायचं हे दहा मिनिटांत सांगून होतं. पुढचे प्रश्न मात्र महिनोन् महिने चालतात, आणि त्यातले बहुतेक जेवणापेक्षा मनाचे असतात. तेच इथे एकत्र केले आहेत.

हे पान टाइप 2 मधुमेह नुकताच निघालेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. गरोदरपणातला मधुमेह आणि टाइप 1 यांचं गणित वेगळं असतं. आणि इथलं वाचून औषधाचा डोस स्वतःहून बदलू नका.

रिपोर्ट आल्यापासून सारखं वाटतं, हे मीच ओढवून घेतलं. माझं नेमकं काय चुकलं?

"गोड खात होतास ना, म्हणून झालं," असं घरातलं कोणीतरी पहिल्याच दिवशी बोलून मोकळं होतं, आणि ते मनात रुतून बसतं. गोड आणि जास्तीचं खाणं, बैठं काम, वाढलेलं वजन यांचा वाटा असतोच. पण आई-वडिलांकडून आलेला कल, कमी झोप, वाढतं वय आणि आपल्या लोकांची शरीराची ठेवण यांचाही असतो, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या हातात नव्हतं.

या ठेवणीवर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं काम केलं आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी, चरबी जास्त आणि तीही पोटाशी, अशी आपल्यातल्या अनेकांची घडण असते. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 झाला की वजन जास्त धरतात, आणि पुरुषांचा कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या, बायकांचा 80 च्या पुढे गेला की सावध करतात. "मी तर जाड नाही, मला कशी निघाली?" या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आणि तुम्ही एकटे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख उंबरठ्यावर आहेत. सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के, म्हणजे दर चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त.

हे सगळं सांगायचं कारण असं की, अपराधीपणाच्या भरात सुरू केलेलं पथ्य फार कडक असतं आणि फार लवकर मोडतं. स्वतःला शिक्षा दिल्यासारखं खाऊ नका.

पहिल्या महिन्यात काय काय सुरू करू?

शक्य तितकं कमी. खरंच सांगते. रिपोर्ट आल्यावर लोक एका सोमवारी साखर, भात, बटाटा, केळं, चहा सगळं सोडतात, पहाटे पाचचा गजर लावतात, मेथीचं पाणी, कारल्याचा रस, योगासनं, सगळं एकदम. तिसऱ्या आठवड्यात ताप येतो किंवा पाहुणे येतात आणि सगळं एकदम सुटतं.

त्यापेक्षा तुमच्या दिवसातली अशी एकच जागा शोधा जिथे साखर बरीच जाते आणि सोडताना फारसं दुखत नाही. अनेक घरांत ती चहाची असते. दिवसातून तीन-चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत खारी किंवा बिस्किटं. तेवढंच आधी हातात घ्या. साखर निम्मी करा, पंधरवड्याने आणखी कमी करा, बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवा. त्याच्या जोडीला रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. पहिल्या महिन्यात एवढं पक्कं झालं तरी मी खूश असते.

पहिले पंधरा दिवस उत्साह असतो, मग ओसरतो. तो टिकवायचा कसा?

उत्साह ओसरणारच, सगळ्यांचा ओसरतो. सुरुवातीचा उत्साह बराचसा भीतीचा असतो, आणि भीती पंधरा दिवसांनी बोथट होते. शुगर थोडी वाढलेली असताना दुखत-खुपत काहीच नाही, त्यामुळे आज चालायला नाही गेलं तर आज काही बिघडत नाही. या आजारात सगळ्यात अवघड हेच आहे: कष्ट आजचे आणि फळ दहा वर्षांनंतरचं, तेही 'काही झालं नाही' अशा रूपात. म्हणून मनाला तयार करत बसण्यापेक्षा, मन नसतानाही गोष्ट घडेल अशी व्यवस्था लावण्यावर मी भर देते.

सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीच्या शेपटाला बांधा. "रोज चालणार" या निश्चयाला धरायला काही नसतं. "ओटा आवरला की चपला घालून खाली" याला असतं. ओटा रोज आवरला जातोच, त्यामुळे आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 96 जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक छोटी सवय अशीच एखाद्या ठरलेल्या वेळेला जोडून घेतली. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात काही फरक पडला नाही. तेव्हा एकवीस दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढून टाका. बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल तर त्यात तुमचं काही कमी पडलेलं नाही.

दुसरं, घरातली मांडणी बदला. फरसाणाचा डबा जेवणाच्या टेबलावर असेल तर येता-जाता हात जाणारच. तो वरच्या फळीवर गेला, आणि टेबलावर चिरलेली काकडी आणि दाणे आले, तर तोच हात तिकडे जातो. दिवसभर स्वतःशी झगडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा किराणा आणताना झगडलेलं बरं.

तिसरं, सोबत. शेजारची मैत्रीण, बिल्डिंगमधले काका, कुणीही. खाली कुणी उभं आहे म्हटलं की माणूस उतरतो. एकट्याने चालणारे पाऊस सुरू झाला की थांबतात आणि जोडीने चालणारे जिन्यात, पार्किंगमध्ये, कुठेतरी चालत राहतात, असं मी वर्षानुवर्षं पाहत आलेय.

आणि लवकर दिसणारे फायदे बघायला शिका. तीन महिन्यांची शुगर कळायला तीन महिने लागतात. पण रात्री लघवीला उठणं कमी झालं का, दुपारची जेवणानंतरची गुंगी कमी झाली का, पँटचा पट्टा एक भोक आत गेला का, हे त्याआधीच कळतं. ते वहीत लिहून ठेवा.

एवढं करूनही उपाशीपोटीची शुगर खाली येत नाही. मग काय उपयोग?

या एका आकड्याने जितक्या लोकांचा धीर खचतो तितका दुसऱ्या कशाने खचत नाही, म्हणून नीट सांगते. रात्री काहीच खाल्लेलं नसतं तरी यकृत रक्तात साखर सोडत असतं, आणि पहाटे शरीर जागं करणारी संप्रेरकं वाढली की ते जास्त सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला आवरतं. मधुमेहात ते आवरणं कमी पडतं. त्यामुळे रात्री पथ्याचं जेवूनही सकाळी 140 दिसू शकतं, आणि झोपताना 125 असलेली शुगर उठल्यावर 145 झालेली दिसली की माणूस चक्रावतो.

चालण्याचा आणि ताटातल्या बदलांचा परिणाम बहुतेकदा जेवणानंतरच्या शुगरवर आधी दिसतो. सकाळचा आकडा हलायला वेळ लागतो. तो हलतो तो बराचसा पोटाचा घेर आणि यकृतातली चरबी कमी झाल्यावर, झोप सुधारल्यावर, आणि काहींच्या बाबतीत औषधाने. तेव्हा फक्त सकाळची शुगर बघून निकाल लावू नका. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, जास्त खरं चित्र दाखवते. ती 8 टक्के असेल तर मशीनवरच्या मापात शुगर सरासरी 183 च्या आसपास, आणि 7 टक्के असेल तर 154 च्या आसपास. आठचं साडेसात होणं हे खरं, मोजता येण्याजोगं यश आहे.

घरी मशीन आणलंय. रोज तपासू का?

इन्सुलिन किंवा शुगर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टर सांगतील तसं. नाहीतर उगाच रोज सकाळी बोट टोचून मूड घालवण्यात अर्थ नाही. तपासायचं तर काहीतरी शिकण्यासाठी.

हा प्रयोग मी जवळपास सगळ्यांना करायला लावते. एका सकाळी नेहमीसारखे पोहे खा, डिशभर. पहिला घास घेण्याआधी शुगर बघा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी परत बघा. (बरेच जण जेवण संपल्यापासून मोजतात, तसं करू नका.) दुसऱ्या एका सकाळी तेच पोहे, पण निम्मे. त्यात मोड आलेली मटकी, मूठभर दाणे, मटार, वरून भरपूर कोथिंबीर-कांदा, आणि खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं फेरी. परत तसंच मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. तुमच्या स्वतःच्या रक्ताने दिलेलं ते उत्तर माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त काम करतं. इडली, उपमा, ज्वारीची भाकरी, तुमचा आवडता भात, सगळ्यांची अशी जोडी लावून बघता येते. प्रत्येकाचं शरीर थोडं वेगळं वागतं.

एक लक्षात ठेवा, घरगुती मशीनमध्ये 15 टक्क्यांपर्यंत फरक मान्य धरलेला असतो. काल 148 आणि आज 156 म्हणजे बिघडलं असं नाही, तो मशीनच्या मापातलाच फरक असू शकतो. आणि बोटाला आंब्याचा किंवा गुळाचा अंश असेल तर आकडा भलताच चढतो, म्हणून हात धुऊन, कोरडे करून मगच टोचा.

भात बंदच करायचा का? पोळी सोडून भाकरी खाऊ?

भात बंद केलेली कोकणातली माणसं महिनाभर मनातून भातच खात असतात. बंद करू नका, मोजा. एक मध्यम वाटी भात, म्हणजे शिजवलेला साधारण दीडशे ग्रॅम, यात सुमारे 40 ग्रॅम कर्बोदकं असतात. तीस ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण 20. आणि ज्वारीची मोठी, ताटभर भाकरी घेतलीत तर पन्नासच्या आसपास, म्हणजे अडीच फुलक्यांएवढी. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त असतात, पोट भरलेलं राहतं, म्हणून भाकरी चांगलीच. पण "भाकरी चालते" असं ऐकून अडीच-तीन भाकऱ्या खाणारे माझ्याकडे नेहमी येतात आणि शुगर का वाढली म्हणून कोड्यात पडतात.

ताट वाढताना क्रम बदला. निम्मं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-मासे-अंडी-पनीर यांपैकी काही, उरलेल्या पावात भात किंवा पोळी-भाकरी. दोन्ही हवं असेल तर दोन्ही निम्मं. आपल्या ताटात डाळ बहुतेकदा पातळ वरणाच्या रूपात येते आणि पोटात प्रथिनं फार थोडी जातात. उसळ घट्ट आणि वाटीभर खा. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि उसळीचे दोन-चार घास, भात शेवटी. एवढ्यानेही जेवणानंतरची चढण सौम्य होते.

गूळ, मध, नाचणी, शुगर-फ्री बिस्किटं तरी चालतील ना?

गूळ आणि मध शुगर वाढवण्याच्या बाबतीत साखरेचेच भाऊ. नाचणीची भाकरी चांगली, पण नाचणीचं सत्त्व किंवा पातळ खीर पटकन पचते आणि पटकन चढते. बिस्किटांवर शुगर-फ्री लिहिलं तरी आत मैदा असतोच. कारल्याची भाजी आवडत असेल तर जरूर खा, औषधाच्या जागी मात्र नको.

घरात माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक होणं शक्य नाही. आणि स्वयंपाक मीच करते.

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात. नवऱ्याला शुगर निघाली तर दुसऱ्या दिवसापासून घरातलं सगळं बदलतं, डब्यात सॅलड जातं. तिला स्वतःला निघाली तर ती मुलांसाठी बटाट्याची भाजी करते, सासूबाईंसाठी मऊ भात करते, आणि शेवटी उरलेलं स्वतः खाते, वाया जाऊ नये म्हणून. शिळा भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेली खीर. हे कुठल्याच आहारतक्त्यात बसत नाही, पण शुगरमध्ये मोजलं जातं.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी यावर एक साधी गोष्ट केली. सगळ्यांना वाढायच्या आधी त्या स्वतःचं ताट वाढून झाकून ठेवू लागल्या: वाटीभर उसळ, भाजी, दोन फुलके, ताक. सगळ्यांचं झालं की तेच ताट घ्यायचं, आणि उरलेलं फ्रिजमध्ये जायचं. पहिल्यांदा घरात जरा कुजबुज झाली, मग ती पद्धतच झाली.

वेगळा स्वयंपाक नकोच. तोच स्वयंपाक थोडा वळवा: एक भाजी जास्त, उसळ रोज, तेल-साखर कमी. हे सगळ्या घराला चालणारं आहे. तुमच्या मुलांना आणि भावंडांना मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतोच, त्यामुळे त्यांच्याही ताटात ते हवंच. घरच्या इतरांना माझी एवढीच विनंती: ती खाताना तिच्या ताटाकडे बघून शेरे मारू नका. त्याऐवजी जेवल्यावर तिच्याबरोबर खाली उतरा आणि भांडी नंतर दोघं मिळून घासा.

सणवार, लग्नं, उपवास यांत सगळं कोलमडतं. काय करायचं?

सण ठरलेल्या दिवशी येतात, म्हणजे तयारी करता येते. पुरणपोळी असेल तर एक पोळी, सोबत कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर, आणि त्या जेवणात भात नाही. मोदक एक-दोन, पण जेवणाबरोबर, आणि संध्याकाळी प्रसादाच्या नावाखाली पुन्हा नको. दिवाळीचा फराळ डब्यातून खाल्ला तर किती गेला ते कळत नाही. छोट्या बशीत एक लाडू किंवा एक करंजी, थोडा चिवडा असं काढून घ्या, डबा बंद करा, मग बसा. संक्रांतीला तिळगुळाचा लहान तुकडा घेऊन गोड बोलता येतं. आंब्याच्या दिवसांत जेवणावर वाटीभर आमरस घेण्यापेक्षा दुपारी अर्ध्या आंब्याच्या फोडी खा.

आग्रह हा मोठा प्रश्न. लग्नाच्या पंगतीत "एकाने काय होतंय" म्हणणाऱ्यांना कारणं सांगत बसू नका, वाद वाढतो. "वाढू नका, मी मागून घेईन" हे वाक्य चांगलं काम करतं. ताटात काही असेपर्यंत कोणी फार आग्रह करत नाही, म्हणून ताट पूर्ण मोकळं होऊ देऊ नका.

उपवासाचं मात्र मनापासून सांगते, साबुदाणा सोडा. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. संकष्टीला वाटीभर खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि केळं झालं की त्या दिवशीची शुगर कुठल्याही सणापेक्षा जास्त चढलेली दिसते. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, काकडी, थोडी भगर असा उपवास करता येतो. आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगर एकदम उतरवू शकणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका, कारण पोट रिकामं राहिलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते.

चालायला वेळच नाही. गुडघेही दुखतात. शिवाय पावसाळा.

साधारण शिफारस आठवड्याला 150 मिनिटांची आहे. ती एकदम करायला हवी असं नाही. तीन जेवणांनंतर प्रत्येकी दहा मिनिटं, झाला अर्धा तास. उलट शुगरसाठी जेवणानंतरचं चालणंच जास्त कामाचं, कारण त्याच वेळी रक्तात साखर चढत असते आणि हलणारे स्नायू ती इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. व्यायामाने स्नायू इन्सुलिनला जे दाद देऊ लागतात त्याचा परिणाम साधारण एक-दोन दिवस राहतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा करू नका म्हणतात. शनिवार-रविवारी दोन दोन तास चालून आठवडा भरून निघत नाही.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आपल्याकडे चालण्याचं कौतुक फार आणि ताकदीच्या व्यायामाचं कमी, खास करून बायकांमध्ये. पण वर म्हटलं तसं आपल्यात स्नायूच कमी असतात, आणि जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच घेतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस हे करायलाच हवं. ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं फिरलात तरी फरक पडतो.

सुरू करण्याआधी डोळ्यांची तपासणी झालेली असू द्या, ती तशीही मधुमेह निघाल्यावर लगेच करायची असते. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर आधी डॉक्टर. आणि पायात नीट बसणारे बूट, अनवाणी चालणं नको.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात हा प्रश्न टळत नाही. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला म्हणतात. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर, घरचं खा म्हणतात. ज्याला दोनदा जेवून भूक आवरते त्याला पहिलं सोपं जातं, ज्याचं भुकेने डोकं दुखतं त्याला दुसरं. माझ्या मते सहा महिन्यांनीही जे तुम्ही करत असाल ते तुमचं. गोळ्या चालू असताना एकदम दोन जेवणांवर येऊ नका एवढंच. डोस आधी बदलावा लागू शकतो.

गोळी सुरू केली म्हणजे आहार-व्यायामात मी हरले का? कधीतरी बंद होईल का?

अजिबात हरला नाहीत. ब्रिटनमध्ये 1977 पासून वीस वर्षं, मधुमेह नुकताच निघालेल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास चालला. त्यात ज्यांची शुगर औषधं देऊन सुरुवातीपासून चांगली आटोक्यात ठेवली, त्यांना अभ्यास संपल्यावर दहा वर्षांनीही बाकीच्यांपेक्षा हृदयविकाराचे झटके कमी आले. खरं तर मधल्या काळात दोन्ही गटांची शुगर सारखी झाली होती. सुरुवातीच्या वर्षांतली चांगली शुगर शरीर पुढे बरीच वर्षं लक्षात ठेवतं. म्हणून "सहा महिने डाएट करून बघते, मग गोळी" असं म्हणत आकडे वाढलेले ठेवणं महागात पडतं. गोळी, जेवण आणि चालणं एकमेकांच्या मदतीला असतात.

बंद होण्याबद्दल: होऊ शकते, सगळ्यांची नाही. ब्रिटनमधल्याच 2017 च्या एका अभ्यासात, सहा वर्षांच्या आत मधुमेह निघालेल्या जाड लोकांना काही महिने डॉक्टरी देखरेखीखाली दिवसाला साडेआठशे कॅलरींच्या आसपास आहार दिला. वर्षाअखेर 46 टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, आणि 15 किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांत हे प्रमाण 86 टक्के होतं. दोन वर्षांनी ते एकूण 36 टक्क्यांवर आलं, कारण बऱ्याच जणांचं वजन परत चढलं. औषध न घेता किमान तीन महिने एचबीएवनसी 6.5 च्या खाली राहिली तर डॉक्टर त्याला मधुमेह माघारी गेला म्हणतात. कायमचा गेला असं कोणी सांगत असेल आणि त्याचे पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

आठवडाभर सगळं सुटलं. आता परत पहिल्यापासून?

पुढच्या जेवणापासून. सोमवारची, एक तारखेची वाट बघू नका. आणि भरपाई म्हणून उपाशी राहू नका, त्याने रात्री दुप्पट खाल्लं जातं.

कधी कधी या सगळ्याचाच उबग येतो. हे नॉर्मल आहे का?

हो. दर घासाला विचार करायचा, सुट्टी नाही, आणि आजूबाजूचे सगळे तपासनीस झालेले. याचा शीण येतो, आणि त्याकडे लक्ष देणं हा जगभरचे मधुमेहतज्ज्ञ उपचाराचाच भाग मानतात. डॉक्टरांना जाऊन "शुगर ठीक आहे पण मी थकलेय" असं सांगा. कधी तपासण्या कमी करता येतात, कधी उद्दिष्ट थोडं सैल करता येतं. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, रडू येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर वेगळा उपचार लागतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

कुठल्या वेळी थेट डॉक्टर गाठायचे?

वजन न घटवता भराभर उतरत असेल, तहान आणि लघवी थांबत नसेल, उलट्या होत असतील किंवा शुगर 300 च्या वर राहत असेल, तर त्याच दिवशी. अंगकाठी सडपातळ, वय कमी आणि असं होत असेल तर तो टाइप 1 असू शकतो, तिथे नुसता आहार-व्यायाम करत थांबणं जिवावर बेतू शकतं. पायाला जखम झाली आणि दोन दिवसांत सुकायला लागली नाही, दिसणं अचानक धूसर झालं, छातीत दडपण आलं, तरीही थांबू नका.

घाम, थरथर, एकदम कडकडून भूक, डोकं भणभणणं असं झालं आणि शुगर 70 च्या खाली असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, गरज पडली तर पुन्हा घ्या, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. चालायला निघताना खिशात साखरेची पुडी आणि गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी असू द्या.